खवळलेला समुद्र तैलरंगात: जोर कुठे लावायचा

समुद्र रंगवायला बसलेल्या माणसाचा हात आधी निळ्या ट्यूबकडे जातो. माझ्या रविवारच्या वर्गात तर जूनच्या शेवटीच कोणीतरी विचारतं, "बाई, अल्ट्रामरीन संपला, आणू का?" मी म्हणते, आधी रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर एक चक्कर मारून ये. पावसाळ्यात मांडवीचा समुद्र निळा नसतो. काजळी नदी घाटाखालची माती आणून भाट्याच्या खाडीच्या मुखाशी ओतत असते, किनाऱ्याची वाळू मुळातच काळी, आणि वर शिसवी आभाळ. पाणी दिसतं ते खाकी, मधेच हिरवट, लाटेच्या पोटात तपकिरी. निळा असलाच तर फेसाच्या सावलीत थोडासा. त्यामुळे निळ्याची एक ट्यूब वर्षभर पुरते, पांढऱ्याची मात्र महिन्यात संपते.

मी रत्नागिरीत राहते आणि रंगवते तो इथलाच समुद्र, म्हणून उदाहरणं इथली आहेत. अलिबागला, मालवणला किंवा मुरगावला असाल तर खडक आणि वाळूचा रंग तुमच्या डोळ्यांनी बदलून घ्या.

आधी एक गैरसमज काढून टाकू. भावपूर्ण, जोरकस समुद्रचित्र म्हणजे कॅनव्हासवर सगळीकडे रंग उधळायचा, असं अनेकांना वाटतं. तसं केलं की चित्रात गोंगाट होतो, पण जोर येत नाही. चित्रात एकच गोष्ट जोरात घडते आणि बाकीचं सगळं तिला वाट करून देतं. ती गोष्ट काय, हे ट्यूब उघडण्यापूर्वी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "लाट डावीकडून येऊन बंधाऱ्यावर आपटते." "आभाळ पाण्यावर टेकलंय." "पाणी मागे ओढलं जातंय." यातलं एक. "समुद्र खूप सुंदर दिसतोय" हे वाक्य चालत नाही, कारण त्यातून ब्रश कुठल्या दिशेला ओढायचा ते कळत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रातला समुद्र आठवतो ना? दोन डोंगर, मधे सूर्य, एक शिडाची होडी, कडेला वाकलेला माड. चाळिशीच्या माणसाच्या हातातही हे चित्र बसलेलं असतं आणि संधी मिळाली की बाहेर येतं. होडीचं तर विशेष. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, मिरकरवाड्याच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, समुद्र रिकामा असतो. तो रिकामेपणा रंगवायची हिंमत करा. माणूस किंवा होडी घातली की बघणाऱ्याची नजर तिथेच जाऊन बसते आणि तुमची लाट मागची सजावट होते.

आता वेळ. याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण चित्रकलेच्या पुस्तकांत हे मिळत नाही आणि आपल्या किनाऱ्यावर तर याच्यावाचून चालत नाही. भरती किती वाजता हे पंचांगावरून निघतं. तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. रत्नागिरीच्या आसपास हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

याचा चित्रकाराला अर्थ काय? पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती, म्हणजे उधाण, आपल्याकडे कायम दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या आसपास येते. संध्याकाळच्या तांबूस उजेडात उधाणाची भरती टिपायची म्हणाल तर ती इथे मिळणारच नाही. पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी पार आत गेलेलं असतं आणि समोर ओल्या वाळूचा रुंद पट्टा असतो, ज्यात अख्खं आभाळ उतरतं. अष्टमीच्या संध्याकाळी भरती असते, पण ती भांगाची, लहान. मला सगळ्यात आवडते ती द्वितीया ते चतुर्थी. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवस टिकतो, भरती दीड ते तीनच्या दरम्यान येते आणि पाच वाजेपर्यंत पाणी उतरू लागतं. लाटा अजून भारी, ओली वाळू उघडी पडायला लागलेली, उजेड तिरपा. तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर हे दिवस धरा.

दुसरी गोष्ट उजेडाची दिशा. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, लाटेच्या तोंडावर थेट उजेड पडतो, फेस पांढराशुभ्र आणि पाणी अपारदर्शक दिसतं. दुपारनंतर सूर्य लाटेच्या मागे जातो. मग फुटायच्या क्षणी लाटेचा वरचा पातळ भाग आतून उजळतो, हिरवा-पिवळट. आणि आपल्याकडे तोंड करून असलेला फेस सावलीत जातो. म्हणजे संध्याकाळच्या चित्रात फेस आभाळापेक्षा गडद असू शकतो! नवशिक्यांना हे पटतच नाही. फेस पांढरा असतो हे त्यांना डोळ्यांच्या आधीपासून माहीत असतं. एक पांढरा रुमाल संध्याकाळी आभाळासमोर धरून पाहा, करड्या रंगाचा दिसतो की नाही.

बघायला उभे राहाल तेव्हा शक्यतो खाली, वाळूच्या पातळीवर उभे राहा. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. वाळूत उभं राहिलं की ते फक्त साडेचार किलोमीटरवर असतं आणि उंच लाट ते ओलांडून वर येते. लाटेचा दबदबा तिथेच तयार होतो. भगवती किल्ल्यावरून, दीपगृहाजवळून समुद्र पसरतो, लाटांच्या नुसत्या रेघा होतात. ते चित्रही चांगलं होतं, पण तो शांततेचा विषय आहे. पावसाळ्यात मात्र खडकांवर उतरायचं नाही, कितीही ओळखीचे असोत. मिऱ्याच्या बंधाऱ्याशी २०२० च्या जूनमध्ये वादळात बसरा स्टार नावाचं जहाज येऊन अडकलं, तर आपलं काय. रस्त्यावर, भिंतीच्या आड उभं राहून जे दिसतं ते पुरेसं असतं.

तिथे रंग नेऊ नका. वही आणि कोळसा न्या. आधी निदान दहा मिनिटं काहीच काढू नका. लाटा गटागटाने येतात, चार-पाच लहान आणि मग दोन-तीन मोठ्या. लाट कुठे फुटते ते पाहा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जवळपास आली, तिच्या सव्वापट झाली, की लाट उभी राहू शकत नाही. म्हणून त्या वेळच्या मोठ्या लाटा साधारण एकाच पट्ट्यात फुटतात. तो पट्टा सापडला की मग काढा. वहीच्या एका पानावर सहा छोटे चौकोन आखा, प्रत्येकात फक्त तीन छटा: काळा, मधला, कागदाचा पांढरा. कोळसा आडवा घासायचा, रेघ काढायची नाही. यातल्या ज्या चौकोनाकडे तीन पावलं मागे जाऊनही नजर ओढली जाते तो निवडा.

फोटो? काढा, पण रंगवताना समोर ठेवू नका. फोटोत लाट थांबलेली असते, तिचा प्रत्येक थेंब स्पष्ट, आणि मग तो प्रत्येक थेंब काढावासा वाटतो. रशियन साम्राज्यातला समुद्राचा चित्रकार आयवाझोव्स्की पाण्याची हालचाल स्टुडिओत आठवणीतून रंगवत असे. त्याचं १८५० चं 'नववी लाट' सगळ्यांना माहीत असतं. त्याची घोटीव शैली मला फारशी रुचत नाही, पण पद्धत रुचते. आठवणीत फक्त जोर उरतो, तपशील गळून जातो.

घरी आल्यावर सामान. कॅनव्हासपेक्षा या कामासाठी मी हार्डबोर्ड सुचवते, १८ बाय २४ इंच. एक तर स्वस्त, दुसरं म्हणजे पावसाळ्यात कॅनव्हास ओल धरून सैल पडतो आणि नाइफने रंग दाबताना खड्डा पडतो. गुळगुळीत बाजूला सँडपेपर मारून जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. मागच्या बाजूलाही एक हात द्या, नाहीतर बोर्ड वाकतो. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कॅटरलाइन नावाच्या खेड्यात जोन अर्डली ही चित्रकार राहत होती, १९६३ मध्ये वारली. ती भर वादळी हवेत किनाऱ्यावर उभी राहून मोठमोठ्या हार्डबोर्डांवर समुद्र रंगवायची. तिच्या रंगात कधी वाळू, कधी गवताच्या काड्याही असतात. जोरकस समुद्र कसा असतो ते बघायचं असेल तर तिची चित्रं शोधा. निळा किती कमी आहे तेही बघा.

रंग सात पुरेत: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), अल्ट्रामरीन (निळा), विरिडियन (थंड हिरवा), यलो ओकर (मातकट पिवळा), रॉ अंबर (तपकिरी), बर्न्ट सिएन्ना (लालसर तपकिरी), अलिझरिन क्रिमसन (गडद लाल). कॅम्लिनचे आर्टिस्ट दर्जाचे चालतात. पैसे वाचवायचेच तर मातीच्या रंगांत वाचवा, पांढऱ्यात नको. काळी ट्यूब लागत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएन्ना मिसळून येतो तो काळा पावसाळी ढगाला जास्त शोभतो, आणि प्रमाण बदलून तो थंड किंवा उबदार करता येतो. प्रशियन ब्लू ज्यांना आवडतो त्यांनी वापरावा, पण कणभरच. तो सगळ्या पॅलेटवर पसरतो, मग बोटांवर, मग दाराच्या कडीवर.

डुकराच्या केसांचे दोन रुंद चपटे ब्रश, एक फिल्बर्ट (गोलसर टोकाचा चपटा ब्रश), दोन पेंटिंग नाइफ (एक लांब, एक हिऱ्याच्या आकाराचं), जुनं एटीएम कार्ड खरवडायला, सुती चिंध्या. टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल वेगवेगळ्या वाट्यांत.

सुरुवात लालने करा. बर्न्ट सिएन्ना भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या बोर्डावर फासा आणि चिंधीने पुसून घ्या. जांभ्या दगडाच्या भिंतीचा जो रंग, साधारण तो उरतो. पुढे यावर करडा-हिरवा समुद्र येणार आहे आणि मधल्या फटींतून हा लाल डोकावणार आहे. त्या फटी बुजवायच्या नाहीत. थंड करड्या रंगाला जिवंतपणा त्या लालामुळेच येतो. पांढऱ्या पृष्ठभागावर तेच करडे रंग निर्जीव वाटतात. हा थर एक रात्र वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी क्षितिजाची रेघ. ती मधोमध नको. आभाळ बोलणार असेल तर खालच्या तिसऱ्या भागात, पाणी बोलणार असेल तर वरच्या. आणि ती पट्टीने समपातळीत घ्या. लाटा वाटेल तितक्या तिरक्या चालतील, क्षितिज कललं तर समुद्र सांडतोय असं वाटतं. काढून झाली की एक-दोन ठिकाणी चिंधीने पुसून टाका, पावसात ती तशीही सलग दिसत नाही.

मग रॉ अंबर आणि अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून गडद भाग मांडा. रुंद ब्रश, अख्खा हात खांद्यातून हलवायचा, बसून नाही, उभ्याने. इथे तुमचं ते एक वाक्य आठवा. लाट डावीकडून येत असेल तर पाण्यातला प्रत्येक फटकारा डावीकडून उजवीकडे जायला हवा, आभाळातलेही बहुतेक. एखाद-दुसरा फटकारा उलटा चालेल, खडकावर आपटून मागे येणाऱ्या पाण्यासाठी. बाकी दिशा मोडली की जोर गेला. अर्ध्या तासात हे उरकलं पाहिजे.

आभाळ आधी, कारण पाण्याचा रंग आभाळ ठरवतं. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएन्ना, पांढरा, यांचे तीन ढीग: गडद, मधला, फिका. फिक्यात जरासा यलो ओकर. क्षितिजाजवळ पाऊस पडत असेल तर ओला रंग कोरड्या ब्रशने सरळ खाली ओढा, पाण्यात उतरेपर्यंत. एकदाच. दुसऱ्यांदा ओढलात की चिखल.

पाण्यासाठी रॉ अंबर, थोडा विरिडियन, यलो ओकर, पांढरा. लांबचं पाणी करडं आणि सपाट, जवळचं तपकिरी आणि उबदार. गडद भागात पांढरा घालू नका, रंग पिठूळ होतो. लाटेच्या वरच्या उजळ खिडकीसाठी विरिडियनमध्ये यलो ओकर, पांढऱ्याशिवाय, पातळ, खालचा लाल थोडा दिसेल असा. ही खिडकी चित्रात एकाच लाटेला द्या. सगळ्या लाटांना दिली की काचेच्या बांगड्यांचं दुकान होतं.

इथवर दिवस संपतो. पावसाळ्यात पुढचा थर घ्यायला आठवडा लागू शकतो. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि थंड, दमट, उजेड नसलेल्या खोलीत ते रेंगाळतं. अंबर लवकर वाळतो, पांढरा आणि अल्ट्रामरीन उशिरा. नियम एवढाच की खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरात तेल जास्त. उलटं केलंत तर खालचा थर वाळताना वरचा फाटतो, वर्षभराने भेगा दिसतात.

आता नाइफ. फ्रेंच चित्रकार कुर्बेने १८६९ मध्ये नॉर्मंडीतल्या एत्रेताला लाटांची चित्रं केली त्यात फेस नाइफने लिंपलेला आहे, जवळून पाहिलं तर भिंतीचा गिलावा वाटावा इतका. तेवढी जाडी पाहिजे. रंग घट्ट श्रीखंडाइतका असू द्या, टर्पेंटाइन अजिबात नको. फेसाची सावली आधी: पांढऱ्यात अल्ट्रामरीन, अलिझरिनचा ठिपका आणि बर्न्ट सिएन्ना, जांभळट करडी. नाइफच्या पाठीवर रंग घेऊन लाटेच्या दिशेने दाबत ओढा आणि शेवटी मनगट उचला. रंग तुटत जातो, फाटक्या कडा मिळतात. त्या ब्रशने कधी मिळत नाहीत. हा फटकारा दुरुस्त करायचा नसतो. बिघडला तर नाइफने पूर्ण खरवडून काढा आणि परत मारा. खरवडलेल्या जागी राहिलेला डाग पुष्कळदा ओहोटीच्या फेसासारखा उतरतो, मग तो तसाच ठेवा.

सगळ्यात उजळ पांढरा, पांढऱ्यात यलो ओकरचा अंश, फक्त एका ठिकाणी, जिथे तुमचं वाक्य घडतं तिथे. त्याच्या शेजारी सगळ्यात गडद रंग आला पाहिजे. उडणाऱ्या तुषारांसाठी ब्रशवर पातळ रंग घेऊन बोटाने झटका देतात. मी ते करू देत नाही. दहा चित्रांत नऊ वेळा तो पाऊस सगळीकडे सारखा पडतो आणि लाटेची कड मरते. कार्डाच्या कडेने ओला फेस बाहेरच्या बाजूला एकदा ओढा, तुषार होतात.

ओल्या वाळूत आभाळाचा रंग घ्या, पण एक छटा गडद, आणि तो उभ्या फटकाऱ्यांनी घालून वरून एक-दोन आडव्या रेघा ओढा. थांबायचं कधी? हात लहान हालचाली करायला लागला की. खांद्यातून मनगटात, मनगटातून बोटांत काम आलं, की ब्रश धुवायला घ्या.

धुताना दोन गोष्टी. टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीत ठेवा, दोन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून ढिगाने ठेवू नका. तेल वाळताना तापतं, ढिगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. उलगडून, एकेक करून, उघड्यावर वाळत घाला किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाका.

चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, आपल्या भिंती सप्टेंबरपर्यंत ओल्या असतात आणि मागून बुरशी चढते. बोर्डामागे दोन बुचं लावा, हवा खेळते. अंधाऱ्या खोलीत वाळलेला पांढरा पिवळसर पडतो, त्यासाठी पाऊस उघडल्यावर काही दिवस खिडकीजवळ उजेडात ठेवा, थेट उन्हात नाही. व्हार्निश पावसाळ्यात नकोच, दमट हवेत त्यावर धुरकट पांढुरका थर येतो. जुलैतलं जाड रंगाचं चित्र पुढच्या मार्च-एप्रिलच्या आधी व्हार्निशला तयारही होत नाही. गिऱ्हाईक घाई करत असेल तर तसंच देऊन टाका आणि मार्चमध्ये परत आणायला सांगा. बहुतेक जण आणत नाहीत, पण निदान आपण सांगितलेलं असतं.